खरकट्याचं पिंप

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका सूत कारखान्यात मी अकरा वर्षं कॅन्टीन सांभाळलं. तीन पाळ्यांत मिळून आठेकशे माणसं तिथे जेवायची. शिजवायला राजस्थानकडचे एक महाराज होते आणि त्यांच्या हाताखाली सहा-सात जण. मी सुपरवायझर. आज किती माणसं येणार, तांदूळ किती भिजवायचा, तेलाचे किती डबे उघडायचे, कोणत्या वारी कोणती भाजी, हे ठरवणं माझ्याकडे होतं. बिहार-ओडिशाच्या माणसांना भात हवा, उत्तर प्रदेशवाल्यांना चपाती, आमच्या खान्देशातल्या पोरांना काहीतरी झणझणीत. सगळ्यांचं थोडं थोडं बघत मी दिवस काढायचो.

मी शिरपूरकडच्या एका खेड्यातला. सिल्वासात सूत कारखाने वाढले त्या काळात आलो आणि इथलाच झालो. डोकमर्डीला दोन खोल्या भाड्याने घेतल्या, संसार केला. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि वर्षभरात बायको आजारपणात गेली. त्यानंतर घरातला गॅस मी फक्त चहापुरता पेटवायचो. दोन्ही वेळचं जेवण कॅन्टीनमध्ये, तेही सगळे जेवून गेल्यावर, भट्टीजवळ उभ्याउभ्या, हातात ताट धरून. जेवताना माझी नजर उद्याच्या यादीवर असायची. आठशे माणसांना किती भात लागतो ते मला झोपेतही सांगता आलं असतं, पण त्यातल्या एकाशीही घरगुती गोष्टी बोलण्याइतकी ओळख नव्हती. रविवारी सुट्टी. त्या दिवशी बाजारातून पाव किलो चिकन आणायचो, टीव्ही लावून खायचो आणि झोपायचो.

उरलेल्या अन्नाची मला फार काळजी नव्हती. ताटं धुवायची जागा मागच्या बाजूला होती. तिथे दोन निळी पिंपं ठेवलेली असत आणि लोक ताटातलं उरलंसुरलं त्यात टाकून जात. मी तिकडे क्वचित जायचो. माझी जागा पुढे, काउंटरपाशी. तिथे सगळं गरम आणि भरलेलं असलं की माझं काम झालं असं मी समजत होतो.

एका उन्हाळ्यात मागच्या गेटवरच्या वॉचमनने मला बोलावलं. एक म्हातारी आलीय, एठवाड मागतेय, म्हणाला. खरकट्याला इथली गुजराती माणसं एठवाड म्हणतात. मी गेलो. साठीची बाई, वारली, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, पायात रबरी चप्पल. जवळच्या अथाल गावाहून आली होती. घरी एक म्हैस आहे, चारा पुरत नाही, तुमच्याकडचं खरकटं मिळालं तर बरं होईल, असं तिने सांगितलं. पिंपांचा वास यायचा, कचऱ्याची गाडी दोन-दोन दिवस फिरकायची नाही. माझी तर सोयच झाली. मी लगेच हो म्हटलं.

मग ती रोज दुपारी तीनच्या सुमाराला यायची, गावातल्या एकाच्या छोट्या टेम्पोतून. आली की आधी पिंपात कोपरापर्यंत हात घालून लिंबाच्या साली, कागद, प्लास्टिकचे द्रोण वेचून काढायची. कधी कधी आमचे चमचे खरकट्यात जायचे, ते ती घरी धुऊन, फडक्यात बांधून परत आणायची. मी तिला मावशी म्हणायला लागलो, ती मला भाऊ म्हणायची. पिंपं भरून होईपर्यंत ती मागच्या पायरीवर बसे. मी तिच्यासाठी चहा आणायचो आणि हळूहळू माझाही कप तिथेच न्यायला लागलो. दिवसभरात कामाबाहेरचं बोलणं माझं तेवढंच.

तिच्या बोलण्यातून तिचं सगळं कळत गेलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा वापीला कारखान्यात, खोली करून तिकडेच राहणारा. मुलगी खानवेलकडे दिलेली. पूर्वी तिच्याकडे चार-पाच जनावरं होती आणि ती गावामागच्या मोकळ्या माळावर चरायची. माळाला भिंत घातली गेली. मग ती भातशेताच्या बांधावरचं गवत कापायला लागली. भातशेतांचे प्लॉट पडले तसे बांधही गेले. तिची स्वतःची उतारावरची थोडी वरकस जमीन होती. वरकस म्हणजे भाताला पाणी न टिकणारी, मुरमाड. त्यावर ती नागली, म्हणजे नाचणी, आणि वरई काढायची. पण गावात आता सगळे रेशनचा तांदूळ खातात, नागली कोण दळत बसतो, म्हणून तिथेही तिने गवत वाढू दिलं होतं. ते गवत दिवाळीपर्यंत पुरायचं. पुढे म्हशीच्या पोटात काय घालायचं हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर म्हणून ती माझ्याकडे आली होती.

दूध ती शहरातल्या एका डेअरीवाल्याला घालायची. आमच्या कॅन्टीनला पनीरही तोच द्यायचा. म्हणजे तिच्या म्हशीच्या दुधाचं पनीर आम्ही शिजवत होतो आणि त्यातलं जे ताटात राहायचं ते परत त्याच म्हशीकडे जात होतं. हे एकदा मी तिला गमतीने सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमची माणसं गवतच का नाय खात, भाऊ? मधली खटपट वाचंल." मी खूप हसलो होतो.

असं दोन-अडीच वर्षं चाललं.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी आमच्याकडे मोठं जेवण असतं. यंत्रांना हार घालतात, कुंकू लावतात, सगळ्या पाळ्यांना गोड मिळतं. त्या वर्षी पुरी, मटर पनीर, पुलाव, कढी आणि गुलाबजाम असा बेत होता. आदल्या दिवसापासून पाऊस धरून होता. सकाळी तर इतका कोसळला की ठेक्यावरच्या कामगारांना आणणाऱ्या बस वाटेतल्या मोरीवर पाणी चढल्यामुळे पोचल्याच नाहीत. निम्मी माणसं आली नाहीत आणि जेवण मात्र पूर्ण तयार होतं. दुपार टळली तरी पुऱ्यांचा ढीग तसाच. गुलाबजामचे दोन टोप भरलेले.

महाराजांनी विचारलं, आता याचं काय करायचं. मी कंटाळलेलो होतो, भिजलेलो होतो. सगळं पिंपांत भरा, म्हटलं. आज म्हशीचीही पूजा होऊ द्या. महाराज हसले. नेहमीची दोन पिंपं पुरली नाहीत, स्टोअरमधून आणखी दोन आणवली.

मावशी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन आली. चार पिंपं बघून थबकली.

"भाऊ, येवढं?"

"घेऊन जा. सणाचं आहे. उद्यापर्यंत पुरेल."

तिने पुरी उचलून हातात धरली, वास घेतला, परत ठेवली. अजून चांगली आहे, माणसं खातील, असं काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, तुम्हीही न्या थोडं वेगळं. तिने एका डब्यात पुऱ्या आणि गुलाबजाम घेतले, बाकी टेम्पोत चढवलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मला वाटलं, कालचं उरलं असेल. तिसऱ्या दिवशी टेम्पोवाला एकटाच आला, रिकामी पिंपं ठेवायला. म्हैस बसलीय ती उठत नाही, असं तो म्हणाला. मी महाराजांना सांगून मोटरसायकल काढली.

तिचं घर कुडाचं, सारवलेलं, वर कौलं. बाजूच्या गोठ्यात म्हैस एका कुशीवर पडली होती. डावीकडचं पोट ताठ फुगलेलं, डोळे खोल गेलेले, आणि दात एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता. खाली पातळ शेण पसरलं होतं. त्याला इडलीचं पीठ फार आंबल्यावर येतो तसा वास होता. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टर आलेली होती, तरुण मुलगी, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली. म्हशीला सलाईन लावलं होतं आणि खायच्या सोड्याचं पाणी नळीने पाजून झालं होतं.

डॉक्टर विचारत होती, "परवा काय खाल्लं हिने? नीट आठवून सांगा."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे बघून म्हणाली, "घरचंच. थोडा भात होता."

मी गोठ्याच्या दारात उभा होतो. गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण मावशीने मला वाचवायला खोटं सांगितलं हे माझ्या लक्षात आलं आणि मला तिथे उभं राहवेना. मी पुढे होऊन सांगितलं, पुऱ्या होत्या, पुलाव होता, गुलाबजाम आणि त्याचा पाक होता, चार पिंपं होती आणि ती मी पाठवली होती.

डॉक्टरने मान हलवली. रागावली नाही. तिने ते बऱ्याच जणांना समजावलं असावं, तशा आवाजात सांगितलं, "काका, जनावराचं पोट गवतासाठी असतं. ते सावकाश चघळायचं, परत तोंडात आणायचं, परत गिळायचं. शिजवलेला भात, मैदा, साखर एकदम गेली की आत सगळं आंबतं. आम्ल होतं. ते रक्तात जातं. लग्नसराईत तर रोज एक तरी अशी केस येते."

"पण ती दोन वर्षं हेच खात होती," मी म्हटलं.

"थोडं थोडं खात असेल. कोंड्यात, पेंढ्यात मिसळून. म्हणून निभावलं."

मावशीने खालच्या आवाजात सांगितलं, पेंढा भिजला होता पावसाने. म्हणून त्या दिवशी नुसतं घातलं.

म्हैस गाभण होती, सहा महिन्यांची. हे मला तेव्हा कळलं. दिवस मावळायच्या आत ती गेली. जाताना तिने पाय झाडले नाहीत, नुसतं एक लांब श्वास सोडल्यासारखं झालं. मावशी तिच्या मानेवर हात ठेवून बसली होती, तशीच बसून राहिली. जवळच रस्त्याचं काम चाललं होतं, तिथला जेसीबी बोलावून गावकऱ्यांनी खड्डा काढला. मी सगळा वेळ कडेला उभा होतो. मला कुणी दोष दिला नाही, पण कुणी बोललंही नाही. अंधार पडताना मी निघालो, तेव्हा मावशी गोठ्यातलं शेण गोळा करत होती.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा काउंटर सोडून मागे, ताटं टाकायच्या जागी उभा राहिलो. तिन्ही जेवणांना. लोक माझ्यासमोर ताट रिकामं करायला बिचकायचे, काही जण ओशाळून उरलेला घास उभ्याने तोंडात कोंबायचे. मी कुणाला टोकलं नाही. नुसतं बघत होतो. भाताचे ढीग पडायचे. चपात्या अर्ध्या-अर्ध्या मोडलेल्या. आमटी वाटीभर. मला वाटलं होतं, लोकांना कदर नाही. विचारायला लागलो तेव्हा वेगळंच कळलं. ओडिशाच्या एका कामगाराने सांगितलं की सुट्टी अर्ध्या तासाची आणि रांग लांब. एकदा बसल्यावर पुन्हा भात घ्यायला उठलं तर वेळ संपते, म्हणून सगळे पहिल्यांदाच दुप्पट घेतात. दुसरा एक जण म्हणाला, चपाती सकाळी सातला केलेली असते, दुपारी एकला ती चामड्यासारखी लागते. इतकी वर्षं मी ते जेवण ठरवत होतो आणि तीच चपाती उभ्याने खात होतो. तिची चव माझ्या ध्यानातच आली नव्हती.

मग मी काही बदल केले. पुन्हा वाढून घेणाऱ्यांसाठी वेगळा काउंटर लावला, म्हणजे रांग लागणार नाही. पहिल्या वाढीला भात कमी. चपात्या तीन वेळा, थोड्या थोड्या. महाराजांना ते अजिबात आवडलं नाही. दोन दिवस ते माझ्याशी बोललेच नाहीत. कामगारांतही कुजबुज झाली की जेवणात कपात सुरू झाली. ऑफिसातून बोलावणं आलं. साहेबांना मी म्हशीचं सांगितलं. ते लक्षपूर्वक ऐकत होते, पण शेवटी म्हणाले की म्हशीचा आणि कॅन्टीनचा संबंध काय, तक्रार येता कामा नये एवढं बघा. तक्रारी महिनाभरात थांबल्या, कारण ज्याला हवं त्याला पोटभर मिळतच होतं. खरकटं एका पिंपात मावायला लागलं, तेही अर्ध्यावर. ते मी कारखान्याच्या बागेत खड्डा करून पुरायला लावलं.

अथालला जायचं मात्र मी टाळत होतो. एकदा बाजारात चिकनच्या दुकानासमोर उभा असताना मनात आलं की आपण इथे येऊ शकतो आणि तिकडे नाही. पिशवी रिकामीच घेऊन मोटरसायकलवर बसलो.

मावशी अंगणात सूप घेऊन बसली होती. गोठा झाडून लख्ख केलेला, आत काही नाही. तिने मला बसायला खाट ओढून दिली. मी आदल्या रात्री ठरवल्याप्रमाणे बोललो, तुम्हाला दुसरी म्हैस घेऊन देतो. ती पाखडायची थांबली नाही.

"खायला काय घालू तिला?" म्हणाली. "चारा कुठंय?"

मी रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं.

थोड्या वेळाने तिने सूप खाली ठेवलं. "भाऊ, एक करा. ते पिंप दुसऱ्या कोनाला देऊ नका. दुसऱ्या कोनाच्या म्हशीला ते नको."

मी शब्द दिला. तिने माझ्याकडे मागितलं ते एवढंच.

तिच्या जमिनीला लागून एक लांबलचक पत्र्याची शेड उभी राहिली होती. ब्रॉयलर कोंबड्यांची. पंख्यांचा आवाज अंगणापर्यंत यायचा आणि वास त्याच्याही पुढे. पूर्वी त्या जागेत तुरी आणि वाल व्हायचे, असं ती म्हणाली. आता दीड महिन्याने गाडी येते, पक्षी भरून सिल्वासाच्या बाजाराला नेते, शेड धुतात, नवी पिल्लं सोडतात. धुतलेलं पाणी उतारावरून तिच्याच जमिनीत यायचं. मी ज्या दुकानातून दर रविवारी घ्यायचो ते चिकन इथलंच असावं. मी ते तिला सांगितलं नाही. चिकन मी त्या दिवसापासून सोडलं, असं लिहिलं तर खोटं होईल. पण दर रविवारी आणायचं मात्र बंद झालं, कारण माझे रविवार अथालला जायला लागले.

चुलीवरच्या धुरात एक भोपळ्याचं सुकवलेलं तुंबं टांगलेलं असायचं. त्यात नागलीचं बी होतं. दर पावसाळ्यात ती मूठभर पेरायची, खाण्यासाठी नाही, बी मरू नये म्हणून. मी विचारलं, सगळ्या उतारावर नागली लावली तर? ती म्हणाली, खाणार कोण? माझी नातवंडंसुद्धा हात लावत नाहीत. मी म्हटलं, कॅन्टीनला घेतो. आठशे माणसं आहेत.

पुढच्या जूनमध्ये तिने लावली. मी ज्वारीच्या मुलखातला, मला नागलीची लावणी ठाऊक नव्हती. ती पुढे वाकून रोपं खोचत जायची, मी मागून तिरकी खोचायचो, ती परत येऊन सरळ करायची. दुपारी आम्ही जेवायला बसायचो. नागलीची भाकर, ओल्या मिरचीचा ठेचा, कधी रानातली एखादी भाजी, कधी भाजलेला सुका बोंबील. ती माझ्यासमोर पाटावर बसायची आणि मी किती खाल्लं ते बघायची. बायको गेल्यापासून मी कुणासमोर बसून जेवलो नव्हतो. पहिल्या दिवशी घास गिळायला वेळ लागला. ठेचा तिखट आहे, असं मी म्हटलं. तिने पाणी पुढे केलं.

नागली दिवाळीनंतर कापली, झोडली. पीक मोठं नव्हतं, पण आठवड्यातून एकदा, गुरुवारच्या जेवणाला पुरेल इतकं होतं. गावातल्या तीन बायका घेऊन मावशी भाकरी थापायला कॅन्टीनमध्ये आली. महाराज एका कोपऱ्यात उभे राहून बघत होते. काउंटरवर भाकरी ठेवली आणि लोक हसायला लागले. काली रोटी, काली रोटी. बऱ्याच जणांनी माझं मन राखायला एक-एक घेतली आणि तुकडा मोडून टाकून दिली. त्या दिवशी मागचं पिंप काळ्या तुकड्यांनी भरलं. मावशी ताटं धुण्याच्या जागी गेली, तिने ते पाहिलं आणि लुगड्याला हात पुसत बाहेर आली. मला वाटलं, ती परत येणार नाही. पुढच्या गुरुवारी ती आली.

खान्देशातली पोरं आधी वळली. त्यांना ज्वारी-उडदाच्या काळपट, कळण्याच्या भाकरीची सवय होती, ठेचा मिळाल्यावर ती खूश झाली. मग ओडिशाचे काही जण आले. आमच्या गावाकडेही हीच असते, मांडिया म्हणतात, असं सांगून त्यांनी ती पातळ करून प्यायला मागितली. महिन्याभराने गुरुवारी भाकरी मागणारे साठ-सत्तर झाले. आठशेत साठ-सत्तर. मी त्यावर खूश होतो. पुढच्या वर्षी आणखी कुणाच्या उतारावर लावता येईल, अशी चौकशीही आम्ही गावात सुरू केली होती.

मार्चमध्ये कारखान्याने कॅन्टीन बाहेरच्या ठेकेदाराकडे दिलं. मोठ्या शहरातली मंडळी, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, तयार ग्रेव्हीची पाकिटं, बर्फातले पराठे. महाराज गावी निघून गेले. माझी बदली स्टोअरमध्ये झाली. सूत गुंडाळलेल्या कोनांचे खोके मोजायचे आणि लेबलं तपासायची. दुसरा काउंटर बंद झाला, रांग पुन्हा लांब झाली. तीन-चार दिवसांनी मी ताटं टाकायच्या जागी गेलो. चार पिंपं होती, चारही भरलेली.

मी ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, हे कुठे जातं? एक जण घेऊन जातो, तो म्हणाला. कशाला? ते त्याला ठाऊक नव्हतं.

मावशीला सांगायला मी त्या रविवारी गेलो. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या कोनाच्या म्हशीला नको, या तिच्या वाक्याची मी आठवण काढली नाही, तिनेही काढली नाही. माझ्या ताटात भाकर वाढली आणि सांगितलं की पावसाळ्याच्या आत ती मुलीकडे खानवेलला जाणार आहे, गुडघे आता उतार चढू देत नाहीत. शेडवाल्याने जमीन मागितली होती. मुलाने होकार दिला होता.

पुढच्या आठवड्यात कामावरून सुटल्यावर मी मागच्या गेटवर थांबलो आणि खरकटं नेणाऱ्या रिक्षाच्या मागे मोटरसायकल घातली. ती राखोलीकडे गेली. तिथे एका माणसाच्या दारात तीन गायी बांधल्या होत्या. माणूस माझ्याच वयाचा, कपाळावर आठी. कोण आहेस, कंपनीने पाठवलंय का, खरकटं बंद करायचंय का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बंद करणं माझ्या हातात नाही. मग मी त्याला सगळं सांगितलं, पावसापासून जेसीबीपर्यंत. डॉक्टर जे बोलली तेही. थोडंच घाला, कोरड्या पेंढ्यात मिसळून घाला, गोड असेल तर टाकून द्या, फुगली तर वेळ न घालवता डॉक्टरला बोलवा.

त्याने विचारलं, "ती म्हैस तुमची होती?"

"नाही," मी म्हटलं. "पण मारली मी."

त्याने गायींकडे पाहिलं. मग आत जाऊन चहा घेऊन आला आणि पेंढ्याचा भारा कुठे स्वस्त मिळतो ते मला विचारलं. आजही महिन्यातून एकदा मी त्या बाजूने जातो. मागच्या वेळेपर्यंत गायी तीन होत्या.

मावशी मे महिन्यात मुलीकडे राहायला गेली. तिच्याकडे फोन नाही, मुलीकडे आहे, पण मी नंबर घेतला नाही आणि आता कुणाकडून मागवायचा तेही समजत नाही. अथालच्या उतारावर दुसरी शेड उभी राहिलीय. मी रविवारी तिकडे जात नाही.

जेवण मी आता घरीच करतो. मुलीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, बाबा, एकट्यासाठी कशाला एवढा खटाटोप, डबा लावा. मी तिला परातीतलं पीठ दाखवलं. आठशे माणसांचा अंदाज बरोबर यायचा, एकाचा अजून येत नाही. एखादी भाकर दर वेळी उरते. सकाळी ती ताकात कुस्करून, मीठ घालून खातो आणि मोटरसायकल काढून सायलीला निघतो.